बोरसे सरांचा प्रॉस्पेट

बोरसे सर वर्गात हजेरी घेत नसत, पिंग करत असत.

म्हणजे असं, की खुर्चीवर बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि मस्टरकडे न बघता म्हणायचे, "एकशे एक, शे का?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "शे, सर." "एकशे दोन, शे का?" "शे." "एकशे तीन?" वर्ग गप्प. मग सर पुन्हा विचारायचे, थोडं थांबायचे आणि उठून फळ्यावर लिहायचे, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. एकशे तीन त्या वेळी कॉलेजच्या मागच्या टपरीवर पोहे खात असायचा.

आमच्याकडे अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला 'आहेस का रे बाबा' म्हणून विचारायचं आणि त्यानं 'आहे' म्हणून कळवायचं, याला नेटवर्कवाले पिंग म्हणतात, हे ज्ञान मला सरांकडूनच मिळालं. सगळ्या वर्गाला त्यांनी नंबर वाटून दिले होते. प्राचार्यांना नंबर एक दिला होता, कारण कॉलेजातून बाहेर काहीही जायचं तर ते त्यांच्याच दारातून जातं. मला दोन दिला. मी विचारलं, मला दोन कशाबद्दल? तर म्हणाले, तुम्ही मीटिंगला त्यांच्या शेजारी बसता म्हणून. मला वाटलं होतं, काही मानबिन असेल.

मी मूळची जळगावची. लग्न होऊन धुळ्याला आले आणि या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी संभाषण शिकवायला लागले. कम्युनिटी कॉलेज या नावावर जाऊ नका. एका मोठ्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला चिकटून दोन खोल्या आहेत, त्यावर तसा बोर्ड लावलाय. एका खोलीत मी पोरांकडून 'हाउ आर यू'ला 'फाइन' म्हणवून घेते. दुसरीत नेटवर्क इंजिनिअरिंगचा डिप्लोमा चालतो, ती सरांची. आम्ही दोघंही तासिका तत्त्वावर. जितके तास घेऊ तितकाच पगार. मे महिन्यात तास नसतात, म्हणून मे महिन्यात आम्हीही नसतो.

या कोर्सला कोण येतं? ज्याला खऱ्या इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला नाही तो येतो. ज्याला मिळाला पण घरच्यांना झेपला नाही, तोही येतो. बीए करून दोन वर्षं घरी बसलेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी 'सध्या काय चाललंय' विचारून विचारून वैतागलेला, तो तर येतोच. आणि कोर्स करून काय होतात ते मला विचारा. काही जण खांबावर चढून इंटरनेटच्या वायरी ओढतात. काही कापसाच्या जिनिंगमध्ये नाहीतर केळीच्या गोडाउनात कॅमेरे बसवतात. एखादा मोबाइलच्या दुकानात काचा बदलतो. पण प्रत्येकाच्या लग्नाच्या बायोडाटावर 'नेटवर्क इंजिनिअर' असंच छापलेलं असतं. मला अशा पत्रिका येतात, मी वाचते आणि गप्प बसते. खांबावर चढलेल्या पोराला खालून काय बोलायचं?

बोरसे सरांना मात्र हे असं काही दिसतच नव्हतं. त्यांचा एक आवडता शब्द होता, प्रॉस्पेट. त्यातला 'क' त्यांनी कधी उच्चारला नाही. "पोरांनो, या लाइनला प्रॉस्पेट गह्यरा शे," असं ते दर सोमवारी सांगायचे. गह्यरा म्हणजे पुष्कळ. मग फळ्यावर एक शिडी काढायचे. खालच्या पायरीवर टेक्निशियन, मग इंजिनिअर, मग सीनिअर इंजिनिअर, मग आर्किटेक्ट. त्याच्याही वर एक पायरी काढून तिथं काहीच लिहायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिथवर गेल्यावर तुम्हीच मला सांगा." स्वतः ते त्या शिडीवर कुठं आहेत, हे पोरांनी कधी विचारलं नाही. पोरं चांगली होती म्हणायची.

दुसरा त्यांचा मंत्र, 'आधी केबल बघा'. मोठमोठी कारणं शोधण्याआधी वायर लागली आहे का ते बघा, हे नेटवर्कमध्ये ठीक आहे. पण सर तो सगळ्या जगाला लावायचे. प्राचार्य चिडले, आधी केबल बघा. म्हणजे त्यांनी सकाळी चहा घेतला का ते बघा. एकदा माझं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलं होतं, मी तोंड पाडून बसले होते. हे महाशय खुर्ची ओढून म्हणाले, "मॅडम, आधी केबल बघा. तुम्ही त्यांना काही विचारलं का, की नुसत्याच रुसल्या?" मला इतका राग आला म्हणून सांगू. घरी जाऊन विचारलं, तर नवऱ्याला भांडण झालंय हेच माहीत नव्हतं.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, प्लास्टिकच्या केबल टाय असायच्या. लोंबणारी वायर दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. बँकेत गेले, काउंटरखालची वायर बांधून आले. दवाखान्यात ब्लड प्रेशर तपासून घेताना त्या यंत्राची नळी गुंडाळून टाय लावली. पारोळ्याला त्यांच्या मावसभावाचं लग्न होतं. मांडवात लाइटीच्या वायरी नुसत्या पसरलेल्या, एकात एक अडकलेल्या. सर सकाळपासून स्टेजच्या मागे बसून त्या सोडवत होते. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती उठल्या, आणि हे मागून बाहेर आले ते विचारत, की मुहूर्त किती वाजताचा आहे.

लग्न म्हटलं की सांगायला हवं, त्यांचं स्वतःचं झालेलं नव्हतं. तासिका तत्त्वावरच्या मास्तराला कोण मुलगी देतो? एक-दोन ठिकाणी बोलणी झाली, पण 'पर्मनंट कधी होणार' इथं येऊन थांबली. मग वय उलटून गेलं. धुळ्यातच देवपूरला ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच राहतात. तिला सगळे अक्का म्हणतात. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, आता भाऊच तिचा संसार. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. घरातल्या प्रत्येक वस्तूला छापील चिकटपट्ट्या. गॅसच्या नळीला 'सिलिंडर ते शेगडी'. नळाला 'टाकी ते मोरी'. अक्काच्या चष्म्याच्या दोरीलासुद्धा एक पट्टी होती, त्यावर 'अक्का ते चष्मा' लिहिलेलं. अक्का म्हणाली, काय सांगू बाई, देवाला उदबत्ती लावायची तरी आधी वाचायला लागतं.

शिकवायचे मात्र मनापासून. शिकवण्याची त्यांची स्वतःची रीत होती. नवीन कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये आला की त्याला आपोआप पत्ता मिळतो, काम झालं की तो पत्ता परत घेतात, हे ते जानोशावरून सांगायचे. जानोसा म्हणजे वऱ्हाड उतरवायची जागा. "वऱ्हाडी आला, त्याला खोली दिली. लग्न लागलं, वऱ्हाडी गेला, खोली मोकळी. दुसऱ्या वऱ्हाड्याला तीच खोली. पण एखादा फुगलेला मामा जेवूनही जात नाही, खोली अडवून बसतो, तेव्हा काय करायचं?" सगळा वर्ग ओरडायचा, "रीस्टार्ट!" पोरांना कळायचं. पुस्तकातल्या इंग्रजीनं जे डोक्यावरून जायचं, ते मामाच्या रूपानं आत शिरायचं.

त्यांचं ज्ञान अगदी ताजं होतं असं काही मी म्हणणार नाही. लॅबमधला स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचा डबा, जुनाट, अर्धी भोकं बंद. सरांनी कंपनीत कधी काम केलेलं नव्हतं. खरं चालू नेटवर्क, ज्याच्यावर हजारो लोकांचं काम अडकलेलं असतं, ते त्यांनी फक्त व्हिडिओत बघितलेलं. पण त्यांच्याकडे एक पुरावा होता, तो ते दर बॅचला दाखवायचे. तो पुरावा म्हणजे कैलास.

कैलास पहिल्या बॅचचा. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला, घरची जेमतेम कोरडवाहू. पहिल्या सहामाहीत त्याला तोंड उघडून 'शे' म्हणायलाही लाज वाटायची. सरांनी त्याला रविवारी घरी बोलावून शिकवलं, अक्कानं जेवू घातलं. आता पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, परदेशातल्या गिऱ्हाइकांची नेटवर्कं सांभाळतो. लॅबच्या भिंतीवर पहिल्या बॅचचा फोटो आहे, त्यात कडेला उभा असलेला बारीक पोरगा तो. "आपला कैलास बघा," सर म्हणायचे, "तो काय वेगळं जेवत होता का? तुमच्यासारखीच कळण्याची भाकरी खात होता." सुरुवातीला कैलासचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. मग दिवाळीला मेसेज. मग दिवाळीचा मेसेजही असा, की एकाच वेळी शंभर जणांना गेलेला. सर तो वर्गात वाचून दाखवायचे.

यंदा जानेवारीत प्राचार्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की प्रवेश फार कमी झालेत, हा कोर्स जूनपासून चालेल असं वाटत नाही. मला काय, मला दुसरीकडे चार तास मिळतील, इंग्रजीची भूक सगळ्यांना आहे. सर बाहेर आले आणि सायकल स्टँडच्या कठड्यावर बसले. मी म्हटलं, आता काय करणार? तर म्हणाले, "मॅडम, मी पोरांना एवढं सांगतो प्रॉस्पेट आहे. मग मला नाही का?"

आणि या माणसानं, चाळिशी उलटून चार केस उरलेले असताना, नोकरीला अर्ज केला. पुण्यातल्या त्याच कंपनीत, जिथं कैलास आहे. मी म्हटलं, कैलासला फोन करा, आतलं माणूस असलं तर बरं. नको म्हणाले. वशिला लावला असं उद्या कुणी म्हणायला नको. आणि अचानक आपल्याला बघून कैलासला किती आनंद होईल, हेही त्यांच्या मनात होतंच. दीड महिन्यानं इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. त्या दिवशी सरांनी माझ्या टेबलाच्या सगळ्या वायरी बांधून टाकल्या, मला ड्रॉवर उघडता येईना.

बातमी वर्गात फुटायला वेळ लागला नाही. आणि तिथून सगळंच बदललं. पोरांनी सरांचा इंटरव्ह्यू आपला मानला. सरांना लागली तर आपल्याला लागेल; ज्यांनी शिकवलं त्यांनाच नाही लागली, तर आपण कशाला डोकं फोडायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. दोघं-तिघं तर कॅमेरे बसवायच्या कामावर जायला निघालेच होते, ते सरांच्या निकालासाठी थांबले.

सगळ्यात जास्त टांगणीला लागली होती ती रोशनी. ही चाळीसगावकडच्या खेड्यातली, रोज गाडीनं धुळ्याला ये-जा करायची. वर्गात सगळ्यात हुशार. कोर्स संपल्यावर मैत्रिणीबरोबर पुण्याला राहून नोकरी शोधायची, एवढंच तिचं मागणं. पण वडिलांनी, म्हणजे तिच्या नानांनी, एक स्थळ बघून ठेवलं होतं. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. एवढ्या लांब पोरीला पाठवायचं आणि तिथं काहीच नसलं तर, ही त्यांची भीती. शेवटी ते रोशनीला म्हणाले, तुझे सर चाललेत ना, त्यांना लागली तर तुलाही पाठवतो. नाही लागली तर या उन्हाळ्यात लग्न. रोशनीनं हे मला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सरांनाही सांगून मोकळी झाली. मी तिला रागावले. माणसाच्या पाठीवर किती ओझं द्यायचं?

मग आमची तालीम सुरू झाली. मी इंटरव्ह्यू घेणारी. मी म्हणायचे, "टेल मी अबाउट युअरसेल्फ." सर म्हणायचे, "मॅडम, तुम्हाला तर माहीतच आहे." मी डोक्याला हात लावायचे. इंग्रजी त्यांना येत होतं, वाचायचे भराभर, पण तोंडातून निघताना ते अहिराणीच्या गल्लीतून जायचं. मी बजावलं, काही झालं तरी तिथं जानोसा काढू नका, मामा काढू नका, आणि 'शे' तर अजिबात नको. ते मान डोलवायचे. अक्कानं सफारी शिवायला टाकला. मी म्हटलं, सफारी आता कुणी घालत नाही, साधा शर्ट घाला. अक्काला ते पटलं नाही, आणि सर शेवटी सफारीच घालून गेले.

परत आले ते थेट कॉलेजवर. मी सायकल स्टँडपाशीच उभी होते. लॅबच्या खिडकीत पोरांची डोकी दिसत होती. सरांचा चेहरा बघून मला कळलं, तरी मी विचारलं. त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, कठड्यावर बसले आणि हळूहळू सांगितलं.

काचेच्या खोलीत तिघं होते. एक बाई, एक हिंदी बोलणारे साहेब आणि तिसरा कैलास. अंगानं भरलेला, गळ्यात पट्टा, समोर लॅपटॉप. सर अर्धवट उठले, त्यांना वाटलं तो पाया पडायला येईल. कैलासनं लॅपटॉपमध्ये मान घातली ती घातलीच. प्रश्न साहेबांनी विचारले. चालू नेटवर्क सांभाळलंय का? नाही. क्लाउडवर काम केलंय? वाचलंय. साहेब माणूस भला असावा, त्यानं सोपं करून विचारलं, की एखादं मशीन उत्तर देत नसेल तर तुम्ही पहिलं काय कराल. सर खूश झाले. म्हणाले, आधी केबल बघीन. ती बाई हसली. साहेब म्हणाले, मशीन जर्मनीत आहे, केबल कोण बघणार?

इथं सर घाबरले. घाबरल्यावर माणूस आपल्या भाषेत शिरतो. मी घोकून घेतलेलं सगळं उडालं आणि ते म्हणून गेले, "सर, देन आय विल पिंग. पिंग मीन्स, शे का? मशीन से, शे."

साहेबांनी कान पुढे केला. "शी? हू इज शी?"

सरांना काय झालं ते कळेना. ते पुन्हा म्हणाले, "शे सर, शे." बाईला हसू आवरेना, तिनं तोंडावर फाइल धरली. साहेबांना वाटलं, हा कुण्या बाईबद्दल बोलतोय. ते कैलासकडे वळले आणि म्हणाले, तू त्याच भागातला ना, हे शी-शी काय आहे?

"मग?" मी विचारलं.

सरांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "कैलास म्हणाला, नो आयडिया."

माझ्या अंगाची आग झाली. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेल्याला अक्काच्या हातची भाकरी गोड लागली, रविवारचे रविवार फुकट शिकला, आणि एक शब्द सांगायला जीभ जड झाली? मी म्हटलं, त्यानं ओळखलं तरी का तुम्हाला?

"माले वळखं त्यानी," सर म्हणाले. माझ्याशी ते नेहमी शुद्ध बोलायचे, त्या दिवशी पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलले. मग सावरून म्हणाले, "कान लाल झाले होते त्याचे. वर्गात उत्तर आलं नाही की असेच व्हायचे. त्याचं चुकलं नाही मॅडम. तो सांगायला गेला असता तर माझ्याबरोबर त्यालाही हसले असते. त्याला तिथं रोज बसायचंय."

नंतर सर खाली रस्त्यावर चहाच्या गाडीपाशी थांबले होते. कैलास जेवायच्या सुट्टीत खाली उतरेल असं त्यांना वाटलं. सुट्टी झाली, माणसं उतरली, परत वर गेली. सरांनी आणखी एक चहा घेतला आणि धुळ्याची गाडी धरली.

मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, चला, मी सांगते पोरांना, तुम्ही घरी जा. ते उठले. "नको. त्यांना काही सांगू नका. रोशनीला तर मुळीच नको. मी बोलतो."

ते लॅबमध्ये शिरले, मी मागोमाग. वर्ग उभा राहिला. सरांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला.

"लागली होती," ते म्हणाले. "मीच नाही म्हणून आलो."

एक क्षण कुणाला समजलं नाही. मग मागून टाळी पडली, मग सगळ्या बाकांवरून. सरांनी हातानं थांबवलं. म्हणाले, तिकडे सगळं काचेचं आहे, एक वायर उघड्यावर दिसत नाही, आपलं मन रमणार नाही. पण प्रश्न सगळे आपण केलेले आले, पुस्तकाबाहेरचं काही नाही. तुम्हाला अवघड जाणार नाही. एकानं विचारलं, कैलासदादा भेटले का? सर म्हणाले, "भेटला ना. चहा पाजला त्यानं."

मी खिडकीकडे बघत उभी राहिले. दुसरीकडे कुठं बघवत नव्हतं.

रोशनी व्हरांड्यात पळाली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. नाना, सरांना लागली. हो, खरंच लागली, पण त्यांनी घेतली नाही. मग बराच वेळ ती नुसतं 'हो', 'हो ना' करत राहिली. माझ्या मनात आलं, जाऊन तिच्या हातातला फोन घ्यावा आणि नानांना खरं ते सांगावं. ही पोर पुण्याला जाऊन काय करणार, हे मला ठाऊक नव्हतं. तिथं तिला काचेची खोली मिळेल की खांब, की तेही नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण उन्हाळ्यात तिचं काय होणार, ते मात्र ठरलेलं होतं. मी जागची हलले नाही.

ती दारात आली, फोन पुढे करून. "सर, नानांना तुमच्याशी बोलायचंय."

पोरांसमोर थाप मारणं वेगळं, एका बापाला फोनवर सांगणं वेगळं. त्यांनी फोन घेतला. स्पीकर चालूच होता, नानांचा खणखणीत आवाज सगळ्या लॅबमध्ये घुमला. "राम राम मास्तर. पोर म्हणस ते खरं शे का? लागेल नोकरी सोडी दिधी? तुम्ही येडा शेतस का?"

पोरं हसली. खो खो करून हसली, बाकावर हात आपटून. सरही हसले. मी एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

"हां नाना," ते म्हणाले, "येडाच शे मी. पण पोरले पुण्याले धाडा."